पाण्यातली देवी आणि मध्ये आमचे हे

आमच्या ह्यांना सरळ काही बघवत नाही. समोर माणूस उभा असला तर हे त्याच्या चष्म्याच्या काचेत बघतात. चष्मा नसला तर शेजारच्या गाडीच्या आरशात. तेही नसलं तर आसपास कुठे पाणी साचलंय का ते शोधतात. बंगालातल्या आमच्या बेहाला भागात कुठे ना कुठे पाणी साचलेलं असतंच, त्यामुळे ह्यांचं आजवर कधी अडलं नाही. माझं मात्र अडतं. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी भर रस्त्यात उभी, आणि हे डबक्याकाठी उकिडवे बसलेले. येणारा-जाणारा कळवळून विचारतो, "दादा, की हारालो?" काय हरवलं म्हणून. मी सांगते, अक्कल.

तर हे म्हणजे श्यामकांत परचुरे. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथली, एका विमा कंपनीच्या कचेरीत. मी लग्न होऊन आले तेव्हा अगदी साधा माणूस होता हो! सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी मिष्टी, म्हणजे मिठाई, घेऊन यायचं, मध्ये कुणाच्या अध्यात ना मध्यात. घात केला तो निवृत्तीच्या समारंभाने. कचेरीतल्या मंडळींनी शाल दिली असती, घड्याळ दिलं असतं. त्यांनी दिला कॅमेऱ्याचा फोन. दुसऱ्या दिवशी हे कोपऱ्यावर चहा प्यायला गेले. मातीच्या भांड्यातल्या चहात टपरीचा बल्ब उलटा दिसला, तो ह्यांनी टिपला. चहा गार झाला, आणि माझा संसार पाण्यात गेला तो गेलाच.

सगळ्यात कहर मासळीबाजारात. कातला माशाच्या डोळ्यात म्हणे सगळा बाजार दिसतो, वरचे पत्रे, दिवे, माणसं, सगळं गोल होऊन. म्हणून हे त्या माशाच्या डोळ्याला नाक लावून बसायचे. मासेवाल्याला वाटायचं, बाबू वास घेऊन मासा शिळा ठरवतायत. तो भडकायचा, कल्ले उघडून दाखवायचा, चार लोक गोळा करायचा. मग ह्यांना लाजेकाजेस्तव मासा घ्यावा लागायचा. त्या महिन्यात आम्ही इतका कातला खाल्ला की मला स्वप्नातही माझ्याकडे कुणीतरी टक लावून बघतंय असं वाटायचं.

निसर्गाची हौस वेगळी. भल्या पहाटे उठून मागच्या पुकुरवर जायचं. पुकुर म्हणजे तळं. तिथे नारळ उलटे, आभाळ उलटं, आणि एक खंड्या पक्षी रोज त्याच फांदीवर येऊन बसतो. ह्यांचं म्हणणं, तो ह्यांच्यासाठीच बसतो. एकदा हे लोकलने थेट बजबजला गेले, ज्यूट मिलची चिमणी गंगेत कशी दिसते ते बघायला. ओहोटी होती. चिमणी दिसायला पाणी लागतं आणि समोर होता चिखल. हे पाण्याच्या शोधात पुढे पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. घरी आले ते अनवाणी, आणि दारातूनच मला म्हणतात कसे, "शैला, पण ओल्या चिखलातसुद्धा प्रतिबिंब पडतं, तुला माहितेय?" मी म्हटलं, मला हे माहितेय की चपला नव्या होत्या.

बरं, एवढं करून फोटो चांगले यावेत की नाही? ते येतात. पण प्रत्येक फोटोत हे असतात! पाण्यात वाकून बघणाऱ्याचं तोंड पाण्यात दिसणारच, त्याला कोण काय करणार? नारळाचं झाड, आभाळ, खंड्या, आणि खाली कोपऱ्यात टक्कल. पितळी हंड्यात मिठाईचं दुकान, आणि मधोमध हंड्याच्या आकाराचे झालेले हे. आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात ह्यांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा लोक फोटो बघेनातच. "श्यामकांत कुठेयत, सांगा पाहू" असा खेळ सुरू झाला. मंडळाचे मनोहर आपटे तर जाहीर करून मोकळे झाले की सगळ्यांत आधी शोधेल त्याला एक मोदक जास्त. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला हसूही येत होतं आणि आपट्यांचा रागही येत होता. माझ्या नवऱ्याला हसायचं तर मी हसेन, आपट्यांनी काय म्हणून हसावं?

तेव्हापासून ह्यांना एकच ध्यास लागला. असा एक फोटो काढायचा, ज्यात प्रतिबिंब असेल आणि आपण नसू.

आता माझ्या सासूबाई. शारदाबाई परचुरे. नव्वदीला टेकलेल्या, पण जीभ विशीतली. साताऱ्याहून लग्न करून ह्या शहरात आल्या तेव्हा त्यांना बंगालीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या दुर्गापूजेत शेजारणी त्यांना हात धरून मांडवात घेऊन गेल्या, आणि दशमीला त्यांनी पहिल्यांदा ते दर्पण-विसर्जन बघितलं. इथली रीत आहे ती. खरी मूर्ती गंगेवर न्यायच्या आधी देवीसमोर एका परातीत पाणी घेतात, त्यात आरसा ठेवतात. पाण्यातल्या त्या आरशात देवीचं प्रतिबिंब पडतं. ठाकूरमोशाय, म्हणजे पुरोहित, मंत्र म्हणून आधी त्या प्रतिबिंबाचं विसर्जन करतात. लोक एकेक करून वाकतात आणि पाण्यात देवीचे पाय बघून घेतात. सासूबाई म्हणतात, "मला त्या दिवशी कुणाचं बोलणं कळत नव्हतं, माहेर आठवून रडू येत होतं. पण पाण्यात तिचे पाय दिसले आणि वाटलं, हीसुद्धा माहेरवाशीणच, हीपण आज निघालीय." तेव्हापासून त्यांनी एकही दशमी चुकवलेली नाही. घरचा गणपती एक वेळ सुनेवर सोपवतील, पण देवीचे पाय स्वतः जाऊन बघणार.

आणि ह्या वर्षी पावसाळ्यात न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पलंग सोडायला मनाई केली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना हा असा चिंचोळा. पाड्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, क्लबाचे सेक्रेटरी बाबलूदा फार भला माणूस. घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "माशिमा, आमची चार मुलं तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेतील." सासूबाई म्हणाल्या, "मला चौघांनी उचलायची वेळ अजून आलेली नाही. आली की सांगेन." बाबलूदांनी कान पकडले आणि चहा न पिता गेले.

पूजा सुरू झाली. दिवसभर टीव्हीवर शहरातल्या सगळ्या देवी दाखवत होते. सासूबाईंनी एकीकडेही बघितलं नाही. नवमीला रात्रीच्या जेवणाला त्यांनी ताट नुसतं चिवडलं आणि ह्यांना जवळ बोलावलं. "श्याम, तू जगाची डबकी टिपत फिरतोस. उद्या एक फोटो माझ्यासाठी काढ. पाण्यातले तिचे पाय. तेवढं बघितलं की माझं वर्ष झालं." मग ह्यांचं मनगट धरून म्हणाल्या, "पण त्यात तू नकोस हं. पाय बघताना मला तुझं टक्कल नको."

हसण्यावारी नेलं आम्ही. पण त्यांचा हात ह्यांच्या मनगटावर घट्ट होता, तो काही हसत नव्हता. पुढच्या दशमीचं कोणी सांगावं, हे तिघांनाही कळत होतं.

हे सकाळी माझ्याआधी उठून मांडवात गेले. मी ताट घेऊन मागाहून पोचले. परात मांडलेली, आरसा पाण्यात, फुलं तरंगतायत, ढाक वाजतोय, लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या बायका रांगेत. आणि तेवढ्यात मांडवाच्या खांबामागून एक काळंकुट्ट काहीतरी निघालं. डोक्यापासून पायापर्यंत काळं. तोंड नाही, हात नाही. ते वाकत वाकत परातीकडे सरकायला लागलं.

"ओ मा गो!" मिठूदी किंचाळल्या. मिठूदी आमच्या खालच्या मजल्यावरच्या, पाड्यात सगळ्यांत धीराच्या. त्यांच्या हातचा शंख पडला. ढाकवाला थांबला. एक म्हातारा "हरि हरि" म्हणायला लागला. दशमीच्या दिवशी, देवीसमोर, अंगभर काळं! इकडे शुभकार्यात काळा दोराही कुणी अंगावर ठेवत नाही.

मी ते काळं निरखून बघितलं. त्याच्यावर चांदीच्या चांदण्या होत्या. माझी चंद्रकला! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माझ्या आईने घेतलेली, खडीच्या चांदण्यांची, जी नेसून मी हलव्याचे दागिने घातले होते. ती गुंडाळून हे देवीपुढे उभे!

"अहो!" मी ओरडले. "काय हे!"

"शैला, काळ्याचं प्रतिबिंब पडत नाही," आतून आवाज आला. "मी दिसणारच नाही. आणि अशुभ कसलं, आपण सणालाच तर नेसतो."

आता ह्या माणसाला काय सांगावं? संक्रांतीला काळं नेसतात ते आपल्या घरात, आपल्या माणसांत. इथल्या बायकांना ते काय ठाऊक? त्यांना वाटलं, परचुरेदांच्या घरात म्हातारी गेली आणि हे शोकात आलेत. दोघी तर माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या. मी एकीकडे त्यांना सांगतेय, आई धडधाकट आहेत हो, सकाळीच मला चहात साखर कमी म्हणून बोलल्या. दुसरीकडे ठाकूरमोशाय मंत्र सोडून ह्यांना हाकलतायत. त्या गडबडीत ह्यांनी परातीवर वाकून एक, फक्त एक फोटो काढला. मुहूर्त टळत होता. ठाकूरमोशायांनी घाईघाईने मंत्र पुरे केले आणि आरसा पाण्यातून काढून घेतला. झालं विसर्जन.

घरी येऊन हे पलंगापाशी बसले, घाम पुसला, आणि मोठ्या आशेने फोन आईपुढे धरला. मी सासूबाईंच्या खांद्यावरून बघितलं. फोटोत काळाकुट्ट अंधार होता. अंधारात चांदण्या लकाकत होत्या. मधोमध एक गोल भोक होतं आणि भोकातून ह्यांचा फोन डोकावत होता. देवीचा पत्ताच नव्हता.

"भोक?" मी म्हटलं. "भोक कुठून आलं?"

"लेन्ससाठी," हे पुटपुटले. "कात्रीने. अगदी नीट गोल कापलंय गं."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. निम्मं मराठीत बोलले, निम्मं बंगालीत, कारण एका भाषेत मावेना.

सासूबाई मात्र ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, टोमणा मारला असता तरी चाललं असतं. त्यांनी फोन परत दिला, "चांदण्या छान आल्यात रे" एवढं म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. ह्यांनी दोनदा "आई" म्हणून हाक मारली. त्या म्हणाल्या, "राहू दे आता. आरसा काढला की ती गेली. खाली उभी आहे ती नुसती माती."

माझा राग जागच्या जागी विरला. रडूच आलं. पण रडायला लागले की मी भांडते, माझा स्वभावच तसा. मी म्हटलं, "गेली कशी? आपल्या गणपतीची उत्तरपूजा झाली, तो जागचा हलवला, तरी आपण त्याच्या हातावर दही घालतो ना? वाटेत खायला? गेलेल्याच्या हातावर कुणी दही घालतं का? पाण्यात पडेपर्यंत तो आपलाच असतो. मग देवीला वेगळा न्याय का?"

सासूबाईंनी मान थोडी वळवली. "दही घालतो खरं," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर!" मी म्हटलं आणि ती भोकाची चंद्रकला कपाटात कोंबून दार धाडकन लावलं. लोखंडी कपाट ते, दाराला आरसा. दार लागलं नाही, उलट उघडत आलं. आणि हे एकदम उठून उभे राहिले.

"शैला, दार धर! तसंच धर!"

"आता काय?"

"गल्ली दिसतेय," हे म्हणाले.

खरंच दिसत होती. बाल्कनीच्या दारातून गल्लीचा एवढासा तुकडा त्या आरशात पडला होता. पलंगावरून सरळ बघितलं तर फक्त समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते, मांडव राहतो डाव्या हाताला, गल्लीच्या टोकाशी. पण आरसा जर बाल्कनीच्या कठड्याबाहेर तिरका धरला, तर ते टोक पलंगावरून दिसायला हवं. हे सगळं ह्यांनी मला हवेत बोटं फिरवून सांगितलं. मला अर्धंही कळलं नाही, पण मी हो म्हटलं. हे धावत बैठकीतला भिंतीवरचा आरसा काढायला गेले आणि मी बाल्कनीतून बाबलूदांना हाका मारायला लागले.

बाबलूदांना सगळं समजायला वेळ लागला. सकाळच्या प्रकारानंतर आमच्या घराबद्दल त्यांचं मत जरा सावध झालं होतं. पण माशिमांसाठी म्हटल्यावर ते म्हणाले, उजेड आहे तोवर देवीला बाहेर काढतो. तिसऱ्या प्रहरी देवीला सिंदूर लावून, पेढा भरवून बायकांचं सिंदूर खेळणं झालं आणि मूर्ती ट्रकवर चढली. पण ट्रकवर देवीचं तोंड नेमकं मागे, आणि मागे होता मिठाईवाला. म्हणजे आम्हाला दिसणार पाठीचा बांबू. मग ट्रक फिरवायचा ठरलं.

हे कठड्याला पोट टेकवून, तो जड आरसा दोन्ही हातांनी बाहेर धरून उभे. आरशात बघून खाली हुकूम सोडायला लागले, "डावीकडे! आणखी डावीकडे!" आता आरशात बघून डावं-उजवं सांगणाऱ्या माणसाला काय म्हणावं? एवढी वर्षं उलट्या जगात काढली आणि ऐन वेळी विसरले. ट्रक गेला थेट मिठाईवाल्याच्या पायरीवर. मिठाईवाला कढई घेऊन पळाला. "उजवीकडे!" हे ओरडले. ट्रक गेला विजेच्या खांबाकडे. सगळा पाडा ओरडत होता, प्रत्येकाची दिशा वेगळी. शेवटी मिठूदी पुढे झाल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या की वर बघूच नकोस, माझ्याकडे बघ.

इकडे मी पलंगापाशी. "आई, काय दिसतंय?"

"समोरच्या घोषबाबूंची लुंगी."

"अहो, जरा खाली करा!"

"आता कावळा दिसतोय," सासूबाई म्हणाल्या. "आता टाकी. आता मीच दिसतेय. बाई गं, किती वाळलेय मी! केस तरी विंचरायचेस माझे."

"थोडा तिरका!" मी ओरडले. "अहो, तिरका, उलटा नव्हे!"

"आता..." सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या उशीला डोकं टेकून बघितलं. आरशात देवी होती. पूर्ण. कपाळभर सिंदूर, ओठांना पेढा लागलेला, दहाही हात पसरलेले, आणि खाली सिंहाच्या पाठीवर टेकलेला लालचुटुक पाय. तिच्या आजूबाजूला पाड्यातले सगळे मान वर करून आमच्या बाल्कनीकडे बघत होते. ढाक वाजायला लागला. सासूबाईंनी हात जोडले. "आबार एशो मा," त्या म्हणाल्या. पुन्हा ये गं. मग मराठीत म्हणाल्या, "सांभाळून जा. वाटेत काही खाऊन घे." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, मला लाज वाटली नाही.

आणि तेवढ्यात बाल्कनीतून हे केवढ्याने ओरडले, "शैला! मी नाहीये ह्यात! बघ, आई आहे, देवी आहे, आणि मी कुठेच नाहीये!" आरसा ह्यांच्या हातात होता, हे स्वतः बाजूला कठड्याला चिकटलेले, त्यामुळे खरंच ह्यांचं बोटसुद्धा आरशात दिसत नव्हतं. हाच तो फोटो. "माझ्या खिशातून फोन काढ गं, लवकर! नाहीतर मीच एका हाताने..."

ह्यांनी एक हात सोडला. आरसा कलला, देवी गेली, घोषबाबूंची लुंगी आली.

"श्याम," सासूबाई म्हणाल्या, "फोन राहू दे. दोन्ही हातांनी धर. तू हललास की ती हलते."

ह्यांनी हात परत आरशाला लावला, आणि ट्रक गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत हे तसेच उभे राहिले.